हसन-हुसेन, हॉब्सन-जॉब्सन आणि हैदोस

इंग्रजी कोशवाङ्मयात ज्याचे नुसते नाव उच्चारले तरी गंभीर प्रकृतीच्या विद्वानालाही हसू आवरत नाही असा एक ग्रंथ १८८६ साली लंडनच्या जॉन मरे यांनी प्रसिद्ध केला. त्याच्या कर्त्यांपैकी एक कर्नल हेन्री यूल, बंगालच्या इंजिनियर पलटणीत नोकरी केलेला आणि मार्को पोलोच्या प्रवासवृत्ताचा विख्यात संपादक. दुसरा आर्थर बर्नेल, मद्रास इलाख्याच्या मुलकी खात्यातील अंमलदार आणि संस्कृतचा गाढा व्यासंगी. हिंदुस्थानात राहणाऱ्या इंग्रजांच्या बोलण्यात येथील भाषांतले जे हजारो शब्द शिरले होते त्यांची व्युत्पत्ती, इतिहास आणि अवतरणे यांसह नोंद करावी, या हेतूने दोघांचा पत्रव्यवहार १८७२ च्या सुमारास सुरू झाला. बर्नेल १८८२ साली निवर्तला आणि उरलेला भार यूलने एकट्याने वाहिला. अशा श्रमसाध्य ग्रंथाला ‘अँग्लो-इंडियन शब्दकोश’ असे काहीतरी सरळ, पोक्त नाव शोभले असते. परंतु मुखपृष्ठावर ठळक अक्षरांत नाव छापले गेले ते ‘हॉब्सन-जॉब्सन’.

या नावाबद्दल खुलासा करणे यूलला भाग पडले आणि प्रस्तावनेत तो त्याने मोठ्या मिस्किलीने केला आहे. त्याच्या एका मित्राने ‘तीन निबंध’ अशा निरुपद्रवी नावाने एक बुद्धिमान पुस्तक छापले आणि नावाच्या मानानेच त्याचा खप झाला. तो अनुभव ध्यानात घेऊन आपल्या कोशाला त्याने गोऱ्या शिपायांच्या बोलीतला एक अस्सल शब्द दिला. शिवाय जोडनाव असल्यामुळे ग्रंथाचे कर्ते दोन आहेत हेही त्यातून आडपडद्याने सुचविले जाई. हॉब्सन आणि जॉब्सन ही इंग्लंडातल्या कोणत्याही खेड्यात आढळावी अशी साधी आडनावे आहेत, आणि ती एकापुढे एक ठेवली की नाटकातल्या विदूषकांच्या जोडीसारखी ऐकू येतात. परंतु त्यामागे हॉब्सन नावाचा मनुष्य नाही, जॉब्सनही नाही. मोहरमच्या मिरवणुकीत ऊर बडवीत चाललेल्या जमावाची ‘या हसन! या हुसेन!’ ही आरोळी बराकीच्या दारात उभ्या असलेल्या गोऱ्या सोल्जराच्या कानी पडली आणि ती त्याने आपल्या गावाकडच्या दोन आडनावांत बसवून टाकली. पुढे मोहरमच नव्हे, तर काळ्या लोकांचा कसलाही गलबल्याचा उत्सव वा तमाशा ‘हॉब्सन-जॉब्सन’ या नावाने ओळखला जाऊ लागला. हा शब्द आता मेला असावा अशी यूलची समजूत होती. परंतु पंजाबातल्या पलटणींत तो अद्याप चालू आहे असे त्याच्या एका लष्करी मित्राने त्याला कळविले आणि त्याने ते इमानेइतबारे नोंदवून ठेवले.

ही करामत एकट्या इंग्रज शिपायाची नव्हे. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या आगेमागे मुंबई-सुरतेकडे आलेला आणि जुन्नरपर्यंत जाऊन तेथील किल्लेदाराच्या जनान्यात औषधोपचार करून आलेला कंपनीचा डॉक्टर जॉन फ्रायर याने आपल्या ग्रंथात याच उत्सवाला ‘हॉसी-गॉसी’ म्हटले आहे. १७२६ साली लिहिणारा वलंदेज ग्रंथकार व्हॅलेंटाइन सांगतो की, येथील वलंदेज लोक मोहरमच्या दिवसांना ‘याक्सम-बाक्सम’ म्हणतात. ज्या आरोळीचा अर्थ कळत नाही तिचा पहिला अर्धा कानाला लागेल तसा उचलायचा आणि दुसरा अर्धा त्याच्याशी यमक जुळवून घरचा जोडायचा, ही रीत मराठी माणसाला नवखी वाटू नये. चहाबरोबर बिहा आणि कागदाबरोबर बिगद आपण रोजच जोडत असतो. भाषाशास्त्रज्ञांनी पुढे परक्या शब्दाला घरच्या ध्वनींत ओढून बसविण्याच्या या प्रवृत्तीलाच ‘हॉब्सन-जॉब्सनचा नियम’ असे नाव दिले. बंगालचा सिराजउद्दौला त्याच नियमाने इंग्रज शिपायांच्या तोंडी ‘सर रॉजर डाउलर’ झाला होता.

मराठ्यांनी या देण्याची परतफेड केली नाही असे मात्र नाही. जानेवारी १७७९ मध्ये कार्ल्याजवळ कॅप्टन जेम्स स्टुअर्ट हा इंग्रज सरदार तोफेच्या गोळ्याने ठार झाला, तेव्हा त्याच्या बेडर वृत्तीवर खूश असलेल्या शत्रूपक्षाने त्याचे नामकरण ‘इष्टुर फाकडा’ असे केले आणि त्याच नावाने वडगाव मावळात त्याचे थडगे आजही पूजले जाते. दोन्हीकडे कानाची चूक सारखीच आहे. फरक आहे तो मनाच्या ठेवणीत. इष्टुर फाकड्याला मराठ्यांनी आपल्या रांगेत बसवून घेतले, तर हॉब्सन-जॉब्सनला शिपायाने रांगेबाहेर काढून त्याची थट्टा केली. या फरकाचे इंगित कोल्हापुरात मोहरम पाहिल्याशिवाय नीटसे उलगडत नाही, असे माझे मत आहे.

मूळ प्रसंग सर्वविदित आहे. हिजरी सन ६१ च्या मोहरम महिन्याच्या दहाव्या दिवशी, म्हणजे इसवी सन ६८० च्या ऑक्टोबरात, इराकातील करबला येथे पैगंबरांचे नातू इमाम हुसेन मूठभर सोबत्यांसह मारले गेले. त्यांचे वडील बंधू हसन त्यापूर्वीच काही वर्षे मदीनेस वारले होते. तेव्हा रणांगणावर ते नव्हते, पण शोकाच्या आरोळीने दोघा भावांना कायमचे एकत्र आणले. दक्षिणेत हा शोकविधी रुजविला तो मुख्यतः बहामनी राज्याच्या वारसदारांनी. विजापूरच्या यूसुफ आदिलशहाने सोळाव्या शतकाच्या आरंभी शिया पंथाचा जाहीर स्वीकार केला. अहमदनगरच्या बुरहान निजामशहाने १५३७ च्या सुमारास तोच मार्ग धरला. गोवळकोंड्याच्या कुतुबशहांनी हैदराबादेत आशुरखाने उभारले. पन्हाळा आणि त्याच्या पायथ्याचा कोल्हापूरचा मुलूख १६७३ पर्यंत बहुतेक काळ आदिलशाही अंमलाखाली होता. पन्हाळ्यावरचा तीन दरवाजा आणि सादोबाचा दर्गा ही त्या अंमलाची दगडी निशाणी, आणि पेठापेठांतून दरसाल बसणारे पंजे ही लाकडा-चांदीची निशाणी म्हणावी लागेल. राज्ये बदलली तरी पीराच्या दिवाबत्तीचे इनाम सहसा कोणी खालसा केले नाही. छत्रपतींच्या अमदानीत तर मशिदी-दर्ग्यांच्या जुन्या सनदा पुढे चालविण्याचाच रिवाज होता.

मात्र जी गोष्ट बादशाही आशुरखान्यात पंथाचा विधी होती ती गावात उतरली तेव्हा गावाची झाली. एलोरकडील जाफर शरीफ या दक्षिणी मुसलमान गृहस्थाने लिहिलेला आणि हर्कलॉट्स या डॉक्टराने इंग्रजीत आणून १८३२ साली छापलेला ‘कानून-ए-इस्लाम’ हा ग्रंथ दख्खनच्या मोहरमचे विस्तृत आणि विश्वसनीय वर्णन देतो. त्यात नवसाने फकीर होणारे आहेत, अंगाला पट्टे रंगवून नाचणारे वाघ आहेत, लैला-मजनूची सोंगे आहेत आणि सोंगांची यादी इतकी लांबत जाते की शोकाचा प्रसंग चालला आहे की जत्रा, असा वाचकाला संभ्रम पडावा. त्याच वर्णनात पेटत्या खाईभोवती फेर धरणाऱ्या लोकांच्या आरोळ्या टिपल्या आहेत: शाह हसन, शाह हुसेन, मग ‘दुल्हा, दुल्हा’, मग ‘हाय दोस्त, हाय दोस्त’. दुल्हा म्हणजे नवरदेव. करबलेच्या रणांगणातच ज्याचे लग्न लागले आणि लगोलग ज्याला वीरमरण आले अशी श्रद्धा आहे, तो हसनपुत्र कासिम हा या हाकेचा धनी.

‘हाय दोस्त’ आणि ‘दुल्हा’ हे दोन तुकडे जोडून म्हणून पाहावेत. मराठी माणूस ज्याला ‘हैदोस’ म्हणतो, आणि अधिक रंगात आला म्हणजे ‘हैदोसदुल्ला’ म्हणतो, तो शब्द येथे जन्मतो. कोशकारांनी त्याची हीच व्युत्पत्ती दिली आहे. पोरांनी घरात हैदोस घातला, टवाळांनी बाजारात हैदोस मांडला, असे म्हणताना आपण एका चौदाशे वर्षांपूर्वीच्या मित्राच्या मृत्यूबद्दल हाय हाय करीत असतो, हे बोलणाऱ्याच्या गावीही नसते. आरोळी तीच, मिरवणूक तीच, खाई तीच. तिच्यातून इंग्रजाने हॉब्सन-जॉब्सन काढला आणि मराठीने हैदोस. दोन्ही शब्दांचा अर्थही फिरून एकाच जागी आला: गोंगाट, धुडगूस, तमाशा. परंतु इंग्रज शिपाई खाईच्या बाहेर बंदोबस्ताला उभा होता म्हणून त्याच्या कानाला फक्त नाद ऐकू आला, आणि मराठी माणूस खाईभोवती स्वतः नाचत होता म्हणून त्याने शब्द बहुतांशी शाबूत उचलला, फक्त त्यातला शोक वाटेत गळून पडला. नाचणाऱ्याने नाचाला धुडगूस म्हणावे यात उपहास नसतो. त्यात अंमळ अभिमानच असतो.

कोल्हापुरात ही नाचणाऱ्याची जागा म्हणजे तालीम. तालीम हा शब्द अरबीत शिक्षणाचा; आमच्याकडे तो प्रथम मल्लविद्येचा झाला आणि नंतर साऱ्या पेठेच्या सार्वजनिक संसाराचा. लाल मातीचा हौदा, भिंतीत मारुतीचा कोनाडा, कोपऱ्यात जोडी-मुद्गल, आणि बऱ्याच तालमींतून एका बाजूस कुलूपबंद ठेवलेली पीराची खोली, अशी जुन्या तालमीची मांडणी असे. गल्लीतल्या मुलाने सकाळी मारुतीपुढे उदबत्ती लावायची आणि मोहरमात त्याच मुलाने पीरापुढे ऊद घालायचा, यात विसंगती आहे असे तेथे कोणाला वाटत नसे. बाराइमाम, घुडणपीर, अवचितपीर ही नुसती नावे घेतली तरी पुरे. ती नावे पीरांची आणि तालमीही त्याच नावाच्या, आणि त्यांच्या नोंदवहीत सभासद मात्र सर्व जातींचे.

महालक्ष्मीच्या देवळापासून हाकेच्या अंतरावर बाबूजमाल दर्गा आणि त्याच नावाची तालीम आहे. तेथील ‘नाल्या हैदर’ हा पंजा साऱ्या शहराचा लाडका. दख्खनच्या मोहरमात घोड्याच्या नालाच्या आकाराचे निशाण फार जुने, आणि हैदर म्हणजे सिंह, हे हजरत अलींचे बिरुद; या दोन बड्या शब्दांना कोल्हापुरी जिभेने ‘नाल्या’ असे घरगुती, गल्लीतल्या गड्याला मारावी तशी हाक देऊन जवळ केले आहे. परक्या नावाला घरचे करण्याचे याहून सुरेख उदाहरण हॉब्सन-जॉब्सनच्या कर्त्यांनाही सापडले नसते.

चंद्रदर्शन झाले की तालमीसमोरच्या ठरलेल्या जागी कुदळ मारून खाई खणायला आरंभ होतो. पुढे पंजे बसतात. पंजा म्हणजे धातूचा हाताचा तळवा. त्याची पाच बोटे पैगंबर, अली, फातिमा, हसन आणि हुसेन या पाचांची खूण मानतात. काठीच्या शेंड्यावर तो बसवून खाली रेशमी शेले, जरीची वस्त्रे आणि फुलांच्या माळा यांचे एवढे थर चढवितात की काठी दिसेनाशी होऊन एखादा नटलेला पुरुष उभा असल्याचा भास व्हावा. शेजारी अब्दागीर आणि मोरचेल असतात. नवस बोललेल्या घरांतून मलिदा येतो, आणि चोंगे येतात: गुळाच्या पाण्यात भिजवलेल्या कणकेची जाडसर पोळी, तिच्यावर नक्षी उठविलेली आणि खसखस लावलेली. हे चोंगे मराठ्यांच्या घरांतूनही होतात आणि ते करताना शिवाशिवीचे नियम एकादशीच्या फराळाइतकेच कसोशीने पाळले जातात. घरात मूल जगत नसले म्हणजे त्याला पीराच्या पदरात घालून ‘फकीर’ करायचे, त्याच्या गळ्यात नाडा बांधायचा आणि पाच घरी भिक्षा मागवायची, हा नवस जुन्या बायका शेजारच्या देवीच्या नवसाइतक्याच सहजपणे बोलत.

आणि मग येते ती खत्तलरात्र. पुस्तकी उच्चार ‘कत्ल की रात’. दहाव्या दिवसाच्या आदल्या रात्रीचे हे नाव, करबलेच्या संहाराच्या पूर्वरात्रीचे. त्या रात्री खाईत लाकडे पेटून निखारे होतात, हलगी कडाडू लागते, घुमके तिला साथ देते, आणि पंजे घेऊन धावणाऱ्यांच्या अंगात पीराचा संचार होतो. एका तालमीचा पंजा दुसऱ्या तालमीच्या पंजाच्या भेटीस जातो; अरुंद गल्लीत दोन सवाऱ्या समोरासमोर आल्या की काठ्या झुकवून पंजाला पंजा टेकवितात, आणि त्या क्षणी वाद्ये जी गर्जतात ती गर्जना ज्याने ऐकली असेल त्याला हैदोस शब्दाचा अर्थ कोशात शोधावा लागत नाही. आसपासच्या खेड्यांतून, विशेषतः दक्षिणेकडे कर्नाटकाच्या सीमेलगत, फेर धरून करबलची गाणी म्हणतात. त्यांत मराठी, कानडी आणि दख्खनी या तिन्ही भाषा एकमेकींच्या गळ्यात हात घालून नांदतात. शेजारच्या सांगली जिल्ह्यात कडेगावच्या गगनचुंबी ताबुतांचा लौकिक आहे. तेथे ताबूत उभारण्याचा आणि उचलण्याचा मान गावातल्या निरनिराळ्या जातींच्या घराण्यांत वाटून दिलेला आहे.

असा सरमिसळीचा मोहरम एके काळी महाराष्ट्रात सर्वत्र होता, पुण्यातही होता. तेथे हिंदूंचे ताबूत निघत आणि ताबुतापुढे नाचणाऱ्या टोळ्यांत ब्राह्मणेतर तरुणांचा भरणा असे. ऑगस्ट १८९३ मध्ये मुंबईत हिंदु-मुसलमानांचा भीषण दंगा झाला. त्यानंतर लोकमान्य टिळकांच्या पुढाकाराने गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप आले, आणि १८९४ च्या मोहरमात पुण्याच्या हिंदूंनी ताबुतांकडे पाठ फिरविली. गंमत अशी की गणपतीपुढे जे मेळे नाचू लागले त्यांची वेषभूषा, पदन्यास आणि सवाल-जबाबाची धाटणी बरीचशी ताबुतांच्या टोळ्यांकडूनच आली होती. उत्सव सोडला, पण नाच बरोबर नेला.

त्याच १८९४ साली, एप्रिल महिन्यात, कोल्हापुरात शाहू छत्रपतींनी राज्यकारभाराची सूत्रे हाती घेतली. पुण्यात जी फारकत झाली ती येथे का झाली नाही, याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. परंतु संस्थानी अंमल आणि महाराजांचे धोरण यांचा त्यात मोठा वाटा आहे. मुसलमान विद्यार्थ्यांसाठी १९०६ साली वसतिगृह काढणाऱ्या आणि पुढे खासबागेचे कुस्ती-मैदान बांधणाऱ्या राजाला तालीम ही प्रजेची शाळा वाटत होती, आणि तालमीच्या मातीत जात विचारण्याची सोय नसते. दुसरे कारण मला अधिक खोलचे वाटते. पुण्यात ताबूत प्रामुख्याने मिरवणुकीचा होता. मिरवणुकीतून मनुष्य बाजूला होऊ शकतो. कोल्हापुरात पीर पेठेचा होता, त्याची खोली तालमीत होती आणि तिची किल्ली अनेकदा एखाद्या मराठा घराण्याकडे असे. जो आपल्याच घरी राहतो त्याच्यावर बहिष्कार कसा घालणार? पुण्याच्या वर्तमानपत्रांतला वाद येथे वाचला जात नव्हता असे नाही, पण तो वाचून संध्याकाळी मनुष्य तालमीत जाई आणि तेथे नाल्या हैदर त्याची वाट पाहत असे.

चांद्रमासाची गणना सौरवर्षाच्या मागे दरसाल सुमारे अकरा दिवस सरकत असल्याने बत्तीस-तेहतीस वर्षांनी मोहरम आणि गणेशोत्सव एकमेकांना गाठतात. १९८५-८६ ला ते भेटले आणि पुन्हा २०१८, २०१९, २०२० या लागोपाठच्या सालांत भेटले. तेव्हा कोल्हापुरातल्या कित्येक तालमींत एका मांडवाखाली गणपती आणि पंजे शेजारी-शेजारी बसले. जिल्ह्यातल्या कुरुंदवाडात तर काही मशिदींतूनच गणपतीची स्थापना करण्याचा प्रघात आहे. परगावच्या वार्ताहरांना या दृश्याचे मोठे नवल वाटते आणि ते त्यावर ‘ऐक्याचे अनोखे दर्शन’ अशा मथळ्याखाली लिहितात. येथील लोकांना त्यात अनोखे काय ते कळत नाही. त्यांच्यापुढचा प्रश्न व्यवहाराचा असतो की आरती आधी की फातिहा आधी, आणि हलगीवाले दोघांना पुरतील की नाही. हे चित्र अगदी निष्कलंक आहे असा दावा मी करणार नाही. मुसलमानांतल्या सुधारक मंडळींना पंजांपुढचा नाच धर्माविरुद्ध वाटतो, हिंदूंतल्या काहींना तो वेगळ्या कारणाने खटकतो, आणि दोघांच्या आक्षेपांचा परिणाम होऊन काही ठिकाणी फकीर होण्याचे नवस अलीकडे रोडावले आहेत. कोल्हापूरनेही अलीकडे दंग्याचे दिवस पाहिले आहेत.

हीच आरोळी समुद्रापलीकडे गेली तेव्हा तिचे आणखी एक नाव झाले. ऊसमळ्यांवर करारबंद मजूर म्हणून त्रिनिदादला नेलेल्या हिंदी लोकांनी तेथे ताबूत काढले, आणि त्या उत्सवाला तेथे ‘होसे’ म्हणू लागले. हुसेन या नावाचाच तो अवशेष. मजुरांत हिंदूंचे प्रमाण अधिक होते आणि ताबुतांमागे तेही चालत. सरकारने मिरवणुकीला शहराबाहेर राहण्याचा हुकूम केला होता, तो न जुमानता ऑक्टोबर १८८४ मध्ये सान फर्नांडोकडे निघालेल्या जमावावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि अनेक मजूर मेले. लंडनमध्ये यूल आपल्या कोशाची मुद्रिते तपासत असावा असाच तो काळ. बराकीतल्या शिपायाच्या विनोदाला त्याने ग्रंथाच्या शिरोभागी बसविले त्यात दुष्टावा मुळीच नव्हता. त्याचा ग्रंथ प्रेमाने आणि विद्वत्तेने ओथंबलेला आहे. तथापि ज्या जमावाचा आवाज ऐकून हसू येते त्याच जमावाची सरकारला भीतीही वाटत असते, ही त्या शब्दाची दुसरी बाजू कोशात येऊ शकली नाही. १९०३ साली विल्यम क्रूकने कोशाची वाढवलेली आवृत्ती काढली. याच क्रूकने १९२१ साली ‘कानून-ए-इस्लाम’चीही नवी आवृत्ती सिद्ध केली. म्हणजे ‘हाय दोस्त, दुल्हा’ आणि ‘हॉब्सन-जॉब्सन’ हे एकाच आरोळीचे दोन अवतार एका संपादकाच्या टेबलावरून गेले.

इंग्रजी बोलण्यातून हॉब्सन-जॉब्सन आज गेला आहे. पलटणी गेल्या, बराकी गेल्या, आणि शब्द ग्रंथाच्या नावापुरता उरला. मराठीत मात्र मोहरमचे देणे अजून खेळते आहे, आणि ते विशेषेकरून निवडणुकीच्या हंगामात पाहावे. प्रचाराची मुदत संपली की गावोगावची वर्तमानपत्रे ‘प्रचाराचे ताबूत थंडावले’ असा मथळा देतात, कारण ताबूत पाण्यात सोडण्याला ‘थंडे करणे’ म्हणण्याची मोहरमची परिभाषा आहे. मतदानाच्या आदल्या रात्री पाकिटे वाटली जातात, तिला गल्लीतले कार्यकर्ते ‘कत्तल की रात’ म्हणतात. निकालानंतर विजयी उमेदवाराच्या माणसांनी गुलाल उधळून रस्त्यात हैदोस घातला, अशी तक्रार पराभूत पक्ष पोलीस ठाण्यात नोंदवितो. एका निवडणुकीत अख्खा मोहरम येऊन जातो. फक्त क्रम उलटा असतो, येथे ताबूत आधी थंड होतात आणि कत्तलीची रात्र मागाहून येते. कोल्हापूरच्या पत्रांना यात एक अडचण पडते ती परगावच्या संपादकाला ठाऊक नाही. ‘ताबूत थंडावले’ असे छापले की येथला वाचक आधी तारीख पाहतो आणि मग विचारतो, कुठल्या तालमीचे?